प्रतिकृती रेल्वे एंजिनातील दिवे

खऱ्या रेल्वे एंजिनाच्या ठराविक प्रमाणात लहान केलेल्या चालत्या प्रतिकृतींवर बसविलेल्या आणि बहुधा रुळांतून मिळणाऱ्या विजेवर पेटणाऱ्या दिव्यांचा विचार येथे केला आहे. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत या कामी मुख्यतः टंगस्टन तंतूचे सूक्ष्म दिवे वापरीत. पांढरा प्रकाश देणारे प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ १९९६ मध्ये उपलब्ध झाले व पुढे स्वस्त झाले. द्विप्रस्थाच्या या प्रकाराला व्यवहारात एलईडी म्हणतात. तेव्हापासून नवी एंजिने बहुतेक एलईडी लावूनच बनू लागली आणि जुन्या एंजिनांतील तंतूचे दिवे काढून एलईडी बसविण्याचे काम हौशी लोक घरच्या घरी करू लागले. वरवर पाहता हे केवळ दिवा बदलण्याचे काम वाटते. प्रत्यक्षात मात्र दिव्याबरोबर त्याला वीज पुरविणारे विद्युत् मंडल, प्रकाश बाहेर नेणारा मार्ग व प्रकाशाचा रंग या तिन्हींचा नव्याने विचार करावा लागतो. तसा तो न केल्यास एलईडी जळतो, नियंत्रक मंडल बिघडते किंवा सर्व काही सुरळीत चालूनही एंजिन खोटे दिसते.

प्रतिकृतींची प्रमाणे : जर्मनीतील मेर्क्लिन या उत्पादकांनी १८९१ मध्ये लाइपसिक येथील जत्रेत ठराविक मापाच्या रुळांवर चालणारी खेळण्यातील रेल्वे मांडली. तेव्हापासून रुळांच्या मापांना प्रमाणित रूप येऊ लागले. सध्या सर्वांत अधिक प्रसार एचओ या १ : ८७ प्रमाणाचा असून त्यातील रुळांमधील अंतर १६·५ मिमी. असते. ब्रिटनमध्ये याच रुळांवर १ : ७६ या किंचित मोठ्या प्रमाणातील एंजिने चालवितात. एन प्रमाण १ : १६० असून रुळांमधील अंतर ९ मिमी. आणि मेर्क्लिन यांनी १९७२ मध्ये आणलेले झेड प्रमाण १ : २२० असून त्यात हे अंतर अवघे ६·५ मिमी. असते. खऱ्या एंजिनावरील ३० सेंमी. व्यासाचा दिवा एचओ प्रमाणात सु. ३·४ मिमी. व एन प्रमाणात १·९ मिमी. इतका होतो. एवढ्या जागेत खरा दिवा दिसेल असा प्रकाश निर्माण करावयाचा, ही या कामातील मूळ अडचण होय.

खऱ्या एंजिनांवरील दिवे : प्रतिकृतीवर कोणता दिवा, किती तेजस्वी व कोणत्या रंगाचा असावा हे ज्या एंजिनाची ती प्रतिकृती आहे त्यावरून ठरते. ब्रिटनमधील वाफेच्या एंजिनांच्या पुढील बाजूस तेलाचे दिवे असत, परंतु ते मार्ग उजळण्यासाठी नव्हते. त्यांच्या जागांवरून गाडीचा वर्ग सिग्नलवाल्याला कळे. उदा., दोन्ही बफरांच्या वर एकेक दिवा असल्यास ती जलद उतारू गाडी समजत. लोहमार्गाला दुतर्फा कुंपण असल्याने तेथे प्रखर दिव्याची गरज भासली नाही. अमेरिकेत कुंपणाविना शेकडो किलोमीटर लांब मार्ग असल्याने परावर्तक बसविलेला मोठा अग्रदीप, म्हणजे एंजिनाच्या तोंडावरील मुख्य दिवा, प्रारंभापासून महत्त्वाचा ठरला. तो आधी तेलाचा व नंतर विजेचा झाला. अमेरिकी एंजिनांना अग्रदीपाखेरीज खालच्या बाजूस दोन साहाय्यक दिवे लावण्याचे बंधन १९९७ च्या अखेरपासून आले. त्यामुळे १९७० च्या सुमारास दिसणाऱ्या एंजिनाच्या प्रतिकृतीवर हे खालचे दिवे लावणे ही कालविसंगती ठरते. भारतात १९४७ मध्ये आलेल्या डब्ल्यूपी वर्गाच्या एंजिनाचा अग्रदीप त्याच्या बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाच्या मध्यभागी असे आणि त्याला लागणारी वीज बाष्पित्रातील वाफेवर फिरणाऱ्या छोट्या टरबाइन जनित्रातून मिळे. भारतीय डीझेल व विद्युत् एंजिनांवर अग्रदीपाशिवाय पिवळसर नारिंगी रंगाचा लुकलुकणारा दिवाही असतो. अपघात वा अडथळा उद्भवल्यास शेजारच्या मार्गावरून येणाऱ्या गाडीला सावध करण्यासाठी तो लावतात. तेव्हा प्रतिकृतीवर तो सतत लुकलुकत ठेवणे म्हणजे गाडी कायम संकटात आहे असे दाखविणे होय.

तंतूचा दिवा : प्रतिकृतींसाठी गव्हाच्या वा तांदळाच्या दाण्याएवढे तंतूचे दिवे बनवीत व त्यांना इंग्रजीतही धान्यांचीच नावे आहेत. त्यांतील पुष्कळसे १२ ते १६ व्होल्ट विद्युत् दाबाचे असून ते सु. ३० ते ८० मिलिअँपिअर प्रवाह घेतात. १४ व्होल्टला ६० मिलिअँपिअर घेणारा दिवा ०·८४ वॉट शक्ती खर्च करतो व तिचा फारच थोडा भाग प्रकाशरूपाने बाहेर पडतो. उरलेल्या उष्णतेला बंदिस्त कवचातून निघून जाण्यास वाव नसतो. कवच बहुधा पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकचे असते व ते १००° से. च्या आसपास मऊ पडते. अनेक जुन्या एंजिनांच्या नाकावर दिव्याभोवती दिसणारा फुगवटा किंवा पिवळा पडलेला रंग हा याच उष्णतेचा परिणाम होय.

असे असले तरी तंतूचा दिवा हा अतिशय सोशीक घटक आहे. तो कोणत्याही दिशेने जोडला तरी पेटतो. तंतू तापला की त्याचा रोध वाढतो, त्यामुळे दाब थोडा वाढला तरी प्रवाह आपोआप आटोक्यात राहतो. तंतू थंड व्हायला काही क्षण लागतात, त्यामुळे रुळावरील धुळीने वीज क्षणभर तुटली तरी प्रकाशात खंड जाणवत नाही. शिवाय त्याचा प्रकाश सर्व दिशांना पसरतो. दिवा बदलताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ असे की, हे चारही गुण एलईडीमध्ये नाहीत आणि जुन्या एंजिनाची रचना मात्र ते गृहीत धरूनच केलेली असते. ज्याला तंतूचा दिवाच ठेवावयाचा आहे त्याने १६ व्होल्टचा दिवा १२ व्होल्टवर चालवावा. त्याचा प्रकाश थोडा मंद होतो, पण आयुष्य अनेक पटींनी वाढते.

एलईडी : अर्धसंवाहकातील पी-एन संधीतून एकाच दिशेने प्रवाह जाताना इलेक्ट्रॉन व पोकळ्या यांच्या संयोगातून प्रकाश बाहेर पडतो. दृश्य प्रकाश देणारा व्यवहार्य तांबडा एलईडी निक हॉलोनियाक यांनी १९६२ मध्ये गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइड वापरून तयार केला. पिवळा एलईडी जॉर्ज क्रॅफर्ड यांनी १९७२ मध्ये बनविला. या दोन रंगांचा उपयोग प्रतिकृतींतील सिग्नलांना व गाडीच्या शेपटीच्या दिव्यांना लवकर होऊ लागला, परंतु अग्रदीपाला हवा असणारा पांढरा प्रकाश निळ्या एलईडीवाचून मिळणे शक्य नव्हते. इसामू आकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडावर केलेल्या संशोधनातून तेजस्वी निळा एलईडी साध्य झाला. त्याबद्दल या तिघांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणाऱ्या अनुस्फुरक पदार्थाचा थर दिला म्हणजे दोन्ही प्रकाश मिळून पांढरा भासतो.

तांबड्या एलईडीला सु. १·८ ते २ व्होल्ट व पांढऱ्याला सु. ३ व्होल्ट दाब लागतो. या मर्यादेखाली प्रवाह जवळजवळ शून्य असतो आणि तिच्यावर दाब किंचित वाढला तरी प्रवाह झपाट्याने वाढतो. म्हणून एलईडी दाबावर नव्हे, तर प्रवाहावर चालवावयाचा घटक आहे असे समजावे व त्याच्याशी एकसरीत रोधक जोडल्याशिवाय तो कधीही वापरू नये. रोधकाचे मूल्य काढण्याची रीत सोपी आहे. उपलब्ध दाबातून एलईडीचा दाब वजा करून उरलेल्याला अपेक्षित प्रवाहाने भागावे. १३ व्होल्ट दाब, ३ व्होल्टचा पांढरा एलईडी व १० मिलिअँपिअर प्रवाह घेतल्यास १० ÷ ०·०१ म्हणजे १,००० ओहम इतका रोध येतो. त्यात ०·१ वॉट शक्तीचे उष्णतेत रूपांतर होत असल्याने पाव वॉटचा रोधक पुरेसा होतो. पुष्कळ जण येथेच थांबतात आणि मग गाडी विमानाच्या दिव्यासारखा झोत टाकू लागते. हल्लीचे एलईडी एक ते दोन मिलिअँपिअरलाही भरपूर प्रकाश देतात, त्यामुळे ४,७०० ते १०,००० ओहमचा रोधक घालून पाहणे केव्हाही चांगले. योग्य मूल्य गणिताने ठरत नाही. खोली अंधारी करून, एंजिन हातभर अंतरावर ठेवून, वेगवेगळे रोधक लावून डोळ्यांनीच ते ठरवावे लागते. दोन एलईडी समांतर जोडून त्यांना एकच रोधक देण्याची काटकसर टाळावी. दोन्हींचे गुणधर्म तंतोतंत सारखे नसल्याने एक जास्त प्रवाह ओढतो व दुसरा मंद राहतो.

एकदिश प्रवाहाच्या रुळांवर : जुन्या पद्धतीत रुळांना ० ते १२ व्होल्ट एकदिश विद्युत् दाब देतात. दाब वाढविला की वेग वाढतो व ध्रुवता बदलली की एंजिन उलट चालते. येथे एलईडीचा एकदिशपणा उपयोगी पडतो. पुढच्या व मागच्या दिव्यांसाठी दोन एलईडी परस्परविरुद्ध जोडले की, एंजिन ज्या दिशेला जाईल त्या बाजूचाच दिवा पेटतो. मात्र एक धोका येथे दडलेला आहे. सामान्य एलईडी उलट दिशेने सु. ५ व्होल्टपर्यंतच दाब सहन करू शकतो. उलट दाब असताना मंडलातून प्रवाह वाहत नाही, म्हणून रोधकावर दाब विभागला जात नाही व सर्व १२ व्होल्ट एलईडीवर येतात. रोधक आहे म्हणजे संरक्षण आहे हा समज येथे चुकीचा ठरतो. दोन एलईडी एकमेकांना उलटे व समांतर जोडून दोहोंस मिळून एक रोधक दिल्यास प्रत्येक दुसऱ्याचे रक्षण करतो, कारण कोणत्याही वेळी त्यांतील एकच पेटलेला असतो. एकच दिवा असल्यास त्याला उलटा व समांतर असा साधा सिलिकॉन द्विप्रस्थ जोडावा.

दुसरी अडचण दाब कमी असतानाची होय. तंतूचा दिवा मंदपणे का होईना, पण एंजिन हलण्याआधीपासून लालसर पेटू लागतो. पांढरा एलईडी मात्र ३ व्होल्टपर्यंत काहीच प्रकाश देत नाही आणि दोन्ही दिशांना दिवा पेटता राहावा म्हणून चार द्विप्रस्थांचा सेतू एकदिशकारक घातला असेल, तर त्यात आणखी १·४ व्होल्ट खर्ची पडतात. परिणामी हळू चालणारी गाडी अंधारात चालते व वेग घेतल्यावर एकदम उजळते. काही जुन्या एंजिनांत यावर एक नामी युक्ती केलेली आढळते. चलित्राशी एकसरीत प्रत्येक दिशेसाठी दोन असे चार सिलिकॉन द्विप्रस्थ घालीत. प्रत्येकावर सु. ०·७ व्होल्ट पडत असल्याने दोहोंवर मिळून १·४ व्होल्टचा जवळजवळ स्थिर दाब मिळे व त्यावर १·५ व्होल्टचा सूक्ष्म दिवा एकसारखा तेवत राही. अशा एंजिनातील दिवा काढून तेथेच एलईडी लावल्यास तो कधीही पेटणार नाही. १·४ व्होल्ट तांबड्या एलईडीलाही अपुरे असतात. येथे रुळांपासून स्वतंत्र तारा ओढून नवे मंडल बनविणे भाग पडते. स्थिर दाबाऐवजी पूर्ण दाबाचे तुटक स्पंद देणारा वेगनियंत्रक वापरल्यास एलईडी प्रत्येक स्पंदात पेटतो व मंद गतीलाही प्रकाश मिळतो.

मेर्क्लिन यांच्या जुन्या पद्धतीत सु. १६ व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह वापरीत व दिशा बदलण्यासाठी त्याहून बऱ्याच मोठ्या, सु. २४ व्होल्टच्या दाबाचा क्षणिक झटका देत. रोधक व एकदिशकारक निवडताना हा झटका विचारात घ्यावा लागतो.

अंकीय नियंत्रण : विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेतील राष्ट्रीय प्रतिकृती रेल्वे संघटनेने अंकीय आदेश नियंत्रणाची मानके स्वीकारली. त्यांचा पाया जर्मनीतील लेन्झ यांच्या पद्धतीवर आधारलेला आहे. या पद्धतीत रुळांवर कायम पूर्ण दाब असतो, एचओ प्रमाणात सु. १४ व्होल्ट, आणि त्याची ध्रुवता अतिशय वेगाने पालटत असते. या पालटांच्या कालावधींतूनच आदेश जातात. एंजिनातील डिकोडर नावाचे छोटे मंडल ते आदेश उकलते व त्यानुसार चलित्र आणि दिवे स्वतंत्रपणे चालविते. गाडी उभी असतानाही दिवे पूर्ण तेजाने लावता येतात, हा एलईडीच्या दृष्टीने मोठाच लाभ होय.

डिकोडरलाही एलईडी सोयीचा पडतो. थंड तंतूचा रोध तापलेल्याच्या सु. एकदशांश असल्याने दिवा लावताच क्षणभर दसपट प्रवाह वाहतो व त्याने डिकोडरचा निर्गम निकामी होऊ शकतो. एलईडीत असा झोका येत नाही. तारांचे रंग मानकाने ठरविलेले आहेत. निळी तार सर्व दिव्यांना समाईक असे धन टोक असून पांढरी पुढच्या व पिवळी मागच्या दिव्याची असते. एलईडीचे धनाग्र निळ्या तारेला व ऋणाग्र रोधकामार्फत पांढऱ्या वा पिवळ्या तारेला जोडतात. तारा असलेल्या एलईडीचा लांब पाय धनाग्र असतो, तर काठावरील सपाट बाजू ऋणाग्राची खूण असते.

या जोडणीत सर्वांत घातक चूक सांगाड्याशी संबंधित असते. पुष्कळ जुन्या एंजिनांचा धातूचा सांगाडा एका बाजूच्या चाकांमार्फत एका रुळाशी जोडलेला असतो व दिव्याचे धातूचे आवरण त्यावरच टेकून मंडल पूर्ण होते. डिकोडर लावल्यावर दिव्याचे कोणतेही टोक सांगाड्याला लागता कामा नये, अन्यथा दिवा आदेशाविना पेटतो किंवा डिकोडरच जळतो. म्हणून दिव्याची जुनी खोबण तशीच वापरण्याचा मोह टाळून नवा दिवा पूर्णपणे विलग ठेवावा आणि वीज देण्यापूर्वी प्रत्येक तार व सांगाडा यांमधील रोध मापकाने तपासावा.

लुकलुक : एलईडीचा प्रतिसाद इतका शीघ्र असतो की, चाकाखालील धुळीचा प्रत्येक कण प्रकाशात दिसून येतो. रूळ व चाके स्वच्छ ठेवणे हा पहिला उपाय होय. दुसरा उपाय म्हणजे एकदिशकारकानंतर धारित्र बसविणे. ४७० मायक्रोफॅराड क्षमतेचे धारित्र ५ मिलिअँपिअर प्रवाह देत राहिल्यास त्याचा दाब ५ व्होल्टने उतरण्यास सु. अर्धा सेकंद लागतो व तेवढ्या वेळात एंजिन धुळीचा पट्टा ओलांडून जाते. धारित्र २५ व्होल्टचे घ्यावे व त्याच्या विद्युत्-भरणाच्या वाटेत १०० ओहमचा रोधक ठेवावा, नाहीतर ते भरताना मोठा प्रवाह ओढते. एन व झेड प्रमाणांत मात्र अशा धारित्राला जागा सापडणे कठीणच असते.

प्रकाशाचा रंग व मार्ग : तेलाच्या ज्योतीचे वर्णतापमान सु. १,९०० केल्व्हिन व विजेच्या तंतूचे सु. २,७०० ते ३,००० केल्व्हिन असते. सुरुवातीच्या पांढऱ्या एलईडींचा प्रकाश ६,००० केल्व्हिनहून अधिक वर्णतापमानाचा, म्हणजे निळसर होता. वाफेच्या एंजिनावर असा प्रकाश डोळ्यांना तत्काळ खटकतो. सध्या उबदार पांढऱ्या छटेचे एलईडी सर्रास मिळतात व वाफेच्या आणि जुन्या डीझेल एंजिनांसाठी तेच घ्यावेत. हाताशी निळसर एलईडी असेल तर त्यावर पारदर्शक नारिंगी रंगाचा पातळ हात देऊन छटा बरीच सुधारते. थंड पांढरी छटा मात्र टाकाऊ नव्हे. ज्या अलीकडच्या खऱ्या एंजिनांवरच एलईडीचे अग्रदीप आहेत त्यांच्या प्रतिकृतींना तीच शोभते.

तंतूच्या दिव्याचा प्रकाश पारदर्शक प्लॅस्टिकच्या कांडीत शिरून भिंगापर्यंत जाई. गोल टोकाच्या एलईडीचा झोत अरुंद असल्याने तो कांडीच्या तोंडाशी नेमका रोखलेला असावा लागतो. त्याचे टोक कानशीने सपाट करून कांडीला टेकविल्यास फार कमी प्रकाश वाया जातो. १·६ × ०·८ मिमी. वा त्याहूनही लहान आकाराचे बिनतारी एलईडी थेट भिंगामागेच बसविता येतात. त्यांना मुलामा दिलेल्या तांब्याच्या केसासारख्या तारा डाखाव्या लागतात. डाख देताना उष्णता दोन-तीन सेकंदांपेक्षा अधिक काळ लावू नये. तेजस्वी एलईडीमुळे उद्भवणारा आणखी एक दोष म्हणजे पातळ प्लॅस्टिकमधून प्रकाश पाझरून एंजिनाचे संपूर्ण नाक कंदिलासारखे उजळणे. कवचाला आतून आधी काळा व त्यावर पांढरा वा रुपेरी रंग दिल्याने हा दोष जातो.

जुनी एंजिने : भरपूर संख्येने बनलेल्या, रोज चालविल्या जाणाऱ्या एंजिनांत एलईडी बसविणे सर्वथा इष्ट आहे. निव्वळ उष्णतेपासून कवच वाचते एवढ्या कारणाने देखील ते समर्थनीय ठरते. पुण्यात कोथरूड येथे १९९८ मध्ये खुल्या झालेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयासारख्या ठिकाणी प्रेक्षकांसमोर खोलीतील दिवे मालवून गाड्या चालवितात. अशा प्रयोगात कमी उष्णता व दीर्घ आयुष्य हे गुण मोलाचे होत. परंतु दुसऱ्या महायुद्धापूर्वीची पत्र्याची वा धातूच्या ओतकामाची एंजिने ही त्या काळच्या कारागिरीची साधने आहेत. त्यांतील दिव्याची खोबण, पितळी स्प्रिंग व संपर्कपट्टी हे त्या वस्तूचेच भाग होत. एलईडीसाठी जागा करताना सांगाडा कापणे, खोबण खरवडणे किंवा मूळ रंगावर नवा रंग देणे हे बदल परत फिरविता येत नाहीत आणि या लेखकाच्या मते ते करू नयेत. अशा एंजिनासाठी मूळ दिव्याच्या बैठकीत बसेल असा, रोधक व एकदिशकारक आतच सामावलेला एलईडी घ्यावा. तो न मिळाल्यास तंतूचाच दिवा कमी दाबावर चालवावा. काढलेले सुटे भाग लहान पाकिटात घालून, त्यावर एंजिनाचा क्रमांक, बदलाची तारीख व नव्या जोडणीची आकृती लिहून ते एंजिनाच्या खोक्यातच ठेवावे.